धाप लागणाऱ्या माणसाचं जेवण का तुटतं?



१ जून ते ३१ जुलैची बंदी चालू आहे. होड्या वर ओढल्या आहेत, जाळी शिवायची कामं चालली आहेत, आणि दहा महिने ज्यांचं अर्धं जेवण समुद्रावर व्हायचं ते सगळे आता दोन्ही वेळा घरीच जेवतात. त्यामुळे या दिवसांत घराघरांतून एक वाक्य कानावर येतं, "हल्ली ह्यांचं जेवण फारच कमी झालंय." होडीवर कोण किती जेवला ते घरी कळत नाही. ताट समोर आलं की मग कळतं.

बंदीच्या काळात आम्ही या पानावर आरोग्याचे धडे टाकतो. आजचा धडा ज्यांना फुफ्फुसांचा जुना आजार आहे त्यांच्या जेवणावर आहे. त्यांची भूक का जाते, आवडीनिवडी का बदलतात, आणि घरच्यांनी काय करायचं. लेख थोडा मोठा आहे. एका बसणीत नाही झाला तर दोन वेळा वाचा, पण घरात जी व्यक्ती स्वयंपाक करते तिला जरूर वाचून दाखवा.

आधी आजार कुठला ते बघूया. आपल्याकडे धाप लागली की सगळ्यालाच "दमा" म्हणतात. पण दमा वेगळा. दम्यात श्वासनळ्या आवळतात आणि औषधाने पुष्कळशा पुन्हा मोकळ्या होतात, मधल्या काळात माणूस ठणठणीत असू शकतो. ज्याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात त्या आजारात नळ्या कायमच्या अरुंद झालेल्या असतात, हवेच्या बारीक पिशव्या फाटून सैल पडलेल्या असतात. औषधाने आराम पडतो, पण झालेलं नुकसान भरून येत नाही. बहुतेक करून चाळिशीनंतर सुरू होतो आणि हळूहळू वाढत जातो. आपल्याला यातलं नक्की काय आहे ते यंत्रात जोरात फुंकून करायच्या तपासणीत कळतं, तिला स्पायरोमेट्री म्हणतात. नुसत्या एक्स-रेवर विसंबू नये.

विडी-सिगारेट हे याचं मोठं कारण आहेच. पण फक्त तेवढंच नाही. त्या वेळी पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ साली लॅन्सेटमध्ये एक लेख लिहिला. जन्मात विडीला हात न लावलेल्या लोकांनाही हा आजार मोठ्या प्रमाणावर होतो, आणि त्यात चुलीचा धूर हे फार मोठं कारण आहे, असं त्यांनी दाखवून दिलं. आपल्या घरांतल्या आया-आज्यांनी सोडणं, करवंट्या आणि चुडतं जाळून आयुष्यभर रांधलं. पावसात ओली सोडणं फुंकताना किती धूर पोटात जायचा ते ज्यांनी फुंकली त्यांनाच माहीत. त्यात इंजिनाचा धूर आणि कामावरची धूळ. भारतात २०१६ साली या आजाराचे साधारण ५ कोटी ५३ लाख रुग्ण होते असा अंदाज लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आला होता. १९९० साली तोच आकडा २ कोटी ८१ लाख होता. म्हणजे हा कुणा एकट्यादुकट्याचा आजार नव्हे.

आता जेवणाकडे येऊ. घरात म्हातारा माणूस कमी जेवायला लागला की आपण म्हणतो वय झालं. चांगला कमावता माणूस कमी जेवायला लागला की म्हणतो चोचले वाढले, नाहीतर बाहेर काहीतरी खाऊन आला असेल. सीओपीडीच्या माणसाच्या बाबतीत ही दोन्ही उत्तरं बहुतेक वेळा चुकीची असतात. त्याचं जेवण त्याच्या श्वासानेच तोडलेलं असतं.

कसं ते सांगतो. ज्या इंजिनाचा एअर फिल्टर चोंदलेला आहे ते काय करतं? डिझेल जास्त खातं आणि वेग कमी देतं. इथेही तसंच. निरोगी माणसाला श्वास घ्यायला फारशी ताकद लागत नाही, आपल्याला त्याची जाणीवसुद्धा नसते. सीओपीडीच्या माणसाला प्रत्येक श्वास ओढून घ्यावा लागतो आणि ढकलून सोडावा लागतो. छातीचे, मानेचे, खांद्यांचे स्नायू रात्रंदिवस कामाला लागलेले असतात. या स्नायूंना लागणारी शक्ती निरोगी माणसाच्या दहा पटीपर्यंत जाऊ शकते. म्हणजे माणूस नुसता खुर्चीत बसून असला तरी त्याचं डिझेल जळतच असतं. ज्याला जास्त खायला हवं त्यालाच खाणं जड होतं, ही या आजाराची खरी अडचण आहे.

खाणं जड का होतं, तर जागेची मारामारी. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक स्नायूचा पडदा असतो. श्वास घेताना तो खाली सरकतो, सोडताना वर येतो. या आजारात आत गेलेली हवा पुरी बाहेर पडत नाही, फुफ्फुसं फुगलेलीच राहतात आणि तो पडदा कायमचा खाली दाबलेला राहतो. त्याच्याखालीच जठर. त्यामुळे चार घास गेले की पोट गच्च झाल्यासारखं वाटतं. आणि पोट खरोखरच भरलं तर पडद्याला खाली सरकायला जागाच उरत नाही, मग धाप वाढते. माणूस म्हणतो, "नको गो, पोट भरलं." तो खोटं बोलत नसतो. त्याचं पोट तेवढ्यातच भरतं.

दुसरी गोष्ट गिळण्याची. घास गिळताना आपला श्वास क्षणभर थांबतो. तुम्ही आत्ता आवंढा गिळून बघा. आपल्याला ते कळतही नाही. पण ज्याला एकेका श्वासाची मारामार आहे त्याला जेवताना दर घासाला हा क्षण सोसावा लागतो. चावायला श्रम, गिळायला श्वास थांबवायचा, पुन्हा धापा टाकायच्या. काही जणांच्या रक्तातला ऑक्सिजन जेवताना खाली येतो. अर्धं ताट झाल्यावर माणूस थकून हात धुतो तो म्हणून.

तिसरी गोष्ट तोंडाची. सतत तोंडाने श्वास घेतल्यामुळे तोंड कोरडं पडतं. काही पंपांच्या औषधांनीही तोंड कोरडं होतं, जिभेवर धातूसारखी चव राहते. स्टेरॉइडचा पंप घेऊन चूळ भरली नाही तर तोंडात पांढरी बुरशी येते, जीभ हुळहुळते आणि तिखट-खारट काहीच सोसत नाही. थिओफिलिनच्या गोळ्यांनी काहींना मळमळतं. विडी ओढणाऱ्याची वासाची आणि चवीची जाण आधीच बोथट झालेली असते. कफाचा बेडका घशात असला की खाण्याची इच्छाच मरते. हे सगळं एकत्र आलं की काल आवडणारा पदार्थ आज नकोसा होतो. कोरड्या तोंडात कोरडी भाकरी फिरत राहते. तळलेल्या मासळीचा आणि निखाऱ्यावर भाजलेल्या सुक्या बांगड्याचा धूर नाकात गेला तरी ठसका लागतो. उलट गरम, ओलं, मऊ, थोडं आंबट किंवा गोड असं काहीतरी बरं वाटतं. म्हणून हा माणूस चहा-पाव मागतो. सकाळी पोदेराचा पाव आला की चहात बुडवून एक, दुपारी एक, संध्याकाळी पुन्हा एक. चावायला नको, धाप लागत नाही, पोट भरल्यासारखं वाटतं. पण अंगाला त्यातून फारसं काही लागत नाही.

आपल्याच एका सभासदाच्या घरातली गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगतो, नाव-गाव वगळून. साठी ओलांडलेला रापणकार. एके काळी दोन बांगडे आणि भाताचा डोंगर सहज उठवणारा. दोन वर्षांत जेवण इतकं कमी झालं की बायको रोज आवडीचं हुमण करायची आणि हा दोन घास खाऊन ताट सारायचा. ती चिडून म्हणायची, "माझ्या हाताची चव गेली काय आता?" तो गप्प. मग तो सगळ्यांबरोबर जेवायलाच बसेना, मागाहून एकटा बसायचा, अर्धं मांजराला जायचं. पट्ट्याला नवीन भोकं पडली. घरात अबोला. शेवटी सुनेच्या लक्षात आलं. तारली-बांगडा असला की मामंजी खात नाहीत, पण सुरमईचा काटा काढलेला तुकडा भातात कालवून दिला की खातात. विचारलं तेव्हा कळलं की एकदा तोंडात काटा असताना खोकल्याची उबळ आली होती आणि काटा घशात टोचला होता. तेव्हापासून काट्याची मासळी समोर आली की भीती वाटायची. जन्मभर मासळीत वावरलेल्या माणसाने "मला काट्याची भीती वाटते" हे कोणत्या तोंडाने सांगायचं? ५८ किलोचा माणूस ५१ वर आला होता, काट्याचं नाव न काढता.

हे सांगायचं कारण एवढंच, की अशा माणसाला "का जेवत नाहीस" असं विचारू नका. त्याचं उत्तर त्याला स्वतःलाही धड माहीत नसतं, आणि माहीत असलं तर सांगायला लाज वाटते. त्यापेक्षा विचारा, कुठला घास जड जातो? चावायला त्रास होतो की गिळायला? जेवणाआधी धाप लागते की जेवताना? खोकल्याची भीती वाटते काय? वास नको वाटतो की चव लागत नाही? उत्तर प्रत्येकाचं वेगळं येईल, आणि उपायही त्याप्रमाणे वेगळा.

कमी जेवल्याने होतं काय, तर शरीर आपलेच स्नायू जाळून खातं. आधी मांड्या आणि दंड जातात. पायऱ्या चढवत नाहीत. मग श्वासाचे स्नायूही अशक्त होतात आणि धाप वाढते. धाप वाढली की जेवण आणखी तुटतं. २००४ साली डॉ. बार्तोलोमे सेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीओपीडीच्या रुग्णाचा धोका मोजायची एक पद्धत काढली. तिचं नाव बोड. त्यात फुंकण्याची क्षमता, धापेचं प्रमाण आणि सहा मिनिटांत चाललेलं अंतर यांच्या जोडीला उंचीच्या मानाने वजन हाही एक मुद्दा आहे. बीएमआय २१ किंवा त्याहून कमी असेल तर धोक्याचा एक गुण चढतो. म्हणजे वजनाचा प्रश्न दिसण्याचा नाही, जगण्याचा आहे.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. नेदरलँड्समधल्या अॅनेमी स्कोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं आढळलं की ज्या रुग्णांचं वजन परत वाढलं ते जास्त जगले. फाटलेलं फुफ्फुस शिवता येत नाही. पण गेलेलं वजन परत आणता येतं, आणि त्याचा उपयोग होतो. हे घरच्या स्वयंपाकघरात होण्यासारखं काम आहे.

बीएमआय काढायचा तर वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं. हिशेबात पडायचं नसेल तर एक उदाहरण देतो. १६५ सेंटीमीटर उंचीच्या माणसाचं वजन ५७ किलोपर्यंत आलं की २१ ची रेघ आलीच. त्याहून सोपी खूण म्हणजे सहा महिन्यांत प्रयत्न न करता वजन शेकडा ५ ने उतरलं तर डॉक्टरांना सांगायचंच. ६० किलोच्या माणसाचे ३ किलो गेले तरी. आपण मासळीचा दर किलो जोखून देतो, अर्ध्या किलोवरून भांडतो. पण स्वतःचं वजन शेवटचं कधी केलं ते विचारा, निम्म्यांना सांगता येणार नाही.

वजनाच्या बाबतीत दोन सावधानतेच्या गोष्टी. एक, वजन उतरलं म्हणजे दरवेळी या आजारामुळेच उतरलं असं धरू नका. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप, कफात रक्त, असं काही असेल तर क्षयाची थुंकी तपासणी आधी करा. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. विडी ओढणाऱ्याच्या बाबतीत फुफ्फुसाच्या कर्करोगाची शंकाही डॉक्टरांनी बघायला हवी. दुसरं म्हणजे काटा फसवतो. पायांवर सूज येऊन पाणी साठलं तर वजन वाढलेलं दिसतं आणि माणूस आतून सुकतच असतो. दोन-तीन दिवसांत किलो-दीड किलो वाढलं, घोट्यांवर बोट दाबलं की खळगा राहतोय, असं असेल तर खुश होऊ नका, लगेच दवाखाना गाठा. काही जणांचं वजन या आजारात जास्तही असतं. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू असल्या की खा-खा सुटते, साखर वाढते. त्यांच्यासाठी खालचा तूप-नारळाचा सल्ला नाही.

आता काय करता येईल ते.

जेवणाच्या वेळा बदला. दोन मोठ्या ताटांऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. घरच्यांना हे कंटाळवाणं वाटतं हे मान्य आहे, पण याला पर्याय नाही. सगळ्यात चांगलं खाणं ज्या वेळी माणूस ताजातवाना असतो त्या वेळी द्या. पुष्कळांना सकाळी बरं वाटतं आणि रात्रीपर्यंत दम संपतो. मग रात्रीच्या ताटाचा हट्ट कशाला? मासळी-भात सकाळी दहाला खाल्ला म्हणून काही बिघडत नाही. आपले जुने लोक पेज दहालाच घ्यायचे की.

जेवणाआधी अर्धा तास विश्रांती. आंघोळ करून लगेच पानावर बसवू नका, आंघोळीत दम गेलेला असतो. कफ काढून, चूळ भरून मग बसायचं. डॉक्टरांनी आराम देणारा पंप दिला असेल तर तो जेवणाआधी कधी घ्यायचा ते त्यांना विचारा. खाली पाटावर बसून वाकून जेवलं की पोट दाबलं जातं आणि पडद्याला जागा उरत नाही. खुर्ची-टेबलावर ताठ बसवा, कोपर टेबलावर टेकू द्या. घरात म्हाताऱ्याला टेबलावर आणि बाकीच्यांना खाली असं नको, सगळेच टेबलावर बसा, नाहीतर त्याला वेगळं पडल्यासारखं वाटतं. ज्यांना घरी ऑक्सिजन लावलेला आहे त्यांनी तो जेवताना काढू नये. नाकातल्या नळीने तोंडाला अडथळा होत नाही. फक्त चूल, गॅस, उदबत्ती यांपासून लांब बसायचं, ऑक्सिजनजवळ आग धोक्याची.

घासांच्या मधे चमचा खाली ठेवायचा, नाकाने श्वास घेऊन शीळ घालतो तसे ओठ करून हळू सोडायचा, मग पुढचा घास. जेवताना बोलायला लावू नका. पाणी जेवणाआधी आणि जेवताना घोट-घोटच, बाकीचं पाणी दोन खाण्यांच्या मधल्या वेळात. कफ पातळ राहायला पाणी लागतंच, पण ते अन्नाची जागा अडवता कामा नये.

आणि इथेच पेजेचा मुद्दा येतो. आजारी माणसाला पेज, हे आपल्याकडे डोळे मिटून चालतं. तापाच्या दोन दिवसांत ठीक. पण उकड्या तांदळाच्या पातळ पेजेत बहुतेक पाणीच असतं. सीओपीडीच्या माणसाला भांडंभर पेज दिली की पोट भरलं, धाप लागली आणि अंगाला लागलं काही नाही. पेज सोडा असं आम्ही म्हणत नाही, ती सुटणारही नाही. पण पाणी कमी करून घट्ट आटवल करा, मुगाची डाळ घाला, वरून चमचाभर तूप किंवा नारळाचा रस. एक मोठा चमचा तूप म्हणजे शंभराच्या वर कॅलरी, जागा मात्र काहीच अडवत नाही. नारळाच्या रसातलं नाचणीचं तिझन हेही उत्तम, तोंडात फिरवावं लागत नाही. मधुमेह असेल तर गूळ बेताने.

स्नायूंसाठी प्रथिनं लागतात. अशा रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे साधारण सव्वा ग्रॅमपासून दीड ग्रॅमपर्यंत धरतात. ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम झाले. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. १०० ग्रॅम मासळीत १८ ते २० ग्रॅम, एका अंड्यात ६ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत ७ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ग्रॅम. बेरीज करून बघा, चहा-पावात यातलं कितीसं येतं ते कळेल. आपल्याकडे मासळी आहे हे आपलं भाग्य. प्रश्न फक्त काट्याचा आणि धुराचा. तळण्याऐवजी हुमणात किंवा उकडून करा, तिखट कमी, सोलं आणि तिरफळ चालेल. आंबटाने कोरड्या तोंडाला लाळ सुटते, म्हणून सोलकढीचे दोन घोट जेवणाच्या सुरुवातीला दिले तर घास बरा उतरतो. मुडदुशी, लेप, सुरमई, चणक अशी मऊ मासळी काटा काढून भातात कालवून द्या. काटा काढायचा तो स्वयंपाकघरातच. ताटात समोर बसून काढून दिला तर माणसाला लहान पोर झाल्यासारखं वाटतं. शेंगदाणे असेच देऊ नका, ठसका लागून श्वासनळीत जायची भीती. कूट करून द्या.

आता बंदीत ओली मासळी कमी आणि महाग. पुरुमेताचं सुकं घराघरांत आहे. सुक्या मासळीत प्रथिनं भरपूर, पण मिठाने अंगात पाणी साठतं आणि ज्यांच्या हृदयावर ताण आहे त्यांच्या पायांवर सूज येते. खारवलेली मासळी रात्रभर पाण्यात घालून ते पाणी टाकून मगच शिजवावी, आणि अशा माणसाला रोज नको. गालमो तव्यावर भाजला तर घरभर वास आणि धूर. भाजताना त्याला बाहेर ओसरीवर बसवा.

पुढे श्रावण येतोय. महिनाभर घरात मासळी-अंडं बंद झालं की सीओपीडीच्या माणसाची प्रथिनं एकदम तुटतात, आणि चतुर्थीपर्यंत तो आणखी दोन किलो उतरतो. व्रत मोडा असं सांगण्याचा आमचा अधिकार नाही. तो प्रत्येक घराचा प्रश्न. पण मग मुगागाठी, मुगाची डाळ, दूध, पनीर, शेंगदाण्याचं कूट रोज पोटात जायला हवं. चवळी, वाटाणा, कोबी यांनी ज्याला गॅस होतो त्याने ते टाळावं, पोट फुगलं की पडदा पुन्हा वर दाबला जातो. सोड्याच्या बाटल्याही त्याच कारणाने नकोत.

दुधाविषयी एक समज फार पक्का आहे, की दुधाने कफ वाढतो. अभ्यासांमध्ये दुधाने कफ जास्त तयार होतो असं आढळलेलं नाही. दूध लाळेत मिसळलं की घशात दाट वाटतं, त्याचा हा भास. नको वाटत असेल तर नंतर दोन घोट कोमट पाणी प्यावं. पण प्रथिनांचा एवढा सोपा पेला समजुतीपायी बंद करू नये. केळ्याचंही तेच. मऊ, गोड, काटा नाही, चावायला नको, नव्वद-शंभर कॅलरी. याहून सोयीचं खाणं कुठलं?

तोंडाची चव सुधारायची असेल तर स्टेरॉइडच्या पंपानंतर दर वेळी खळखळून चूळ भरायची. गोळीने मळमळत असेल तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, वेळ किंवा औषध बदलता येतं. आजार उफाळला, दवाखान्यात राहून आलं, तर त्यानंतरचे काही आठवडे खाण्याकडे दुप्पट लक्ष द्या. त्या दिवसांत गेलेलं वजन सहज परत येत नाही. खाण्याबरोबर थोडं चालणंही हवं, नाहीतर खाल्लेल्याचा स्नायू होत नाही.

शेवटी घरातल्या बायकांबद्दल. पुरुषाचं ताट कमी झालं की बायकोच्या लक्षात येतं. बायकोचं ताट कमी झालं तर कुणाच्या लक्षात येतं? ती सगळ्यांच्या मागून, उरलेलं, थंड झालेलं खाते. चुलीसमोर रांधून तिचा दम आधीच गेलेला असतो, मग ती म्हणते, "माझं काय, चहा घेतला." ज्या घरात आई किंवा काकी स्वयंपाक झाल्यावर दारात येऊन धापा टाकत बसते, त्या घरातल्या मुलांनी आणि सुनांनी वरचं सगळं तिच्यासाठी वाचावं. तिला सगळ्यांच्या आधी गरम वाढावं.

सोसायटीच्या कचेरीत माणसांचं वजन करायचा काटा ठेवला आहे. बंदी संपेपर्यंत दर सोमवारी सकाळी ९ ते १२ कुणीही येऊन वजन करू शकतं, सभासदांच्या घरची मंडळीही. चपला काढून चढावे. प्रत्येकाची वेगळी चिठ्ठी करून देऊ, तारीख आणि वजन लिहून. ती दवाखान्यात जाताना सोबत न्यावी. ज्यांना जिना चढवत नाही त्यांनी खालूनच हाक मारावी, काटा खाली आणून देऊ.

सचिव